पाटी एकाची, पंखे दुसऱ्याचे

खामगावच्या आमच्या शेजारच्या काकू लेकीकडे अमेरिकेला निघाल्या, तेव्हा तिकिटाचा कागद अख्ख्या गल्लीने वाचला. मुंबई ते शिकागो इथपर्यंत सगळं सरळ होतं. शिकागोहून पुढे तासाभराचा एक टप्पा होता. त्यावर ठळक अक्षरांत युनायटेड आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ : हे विमान स्कायवेस्ट चालवणार. काकांनी चष्मा पुसला, परत लावला, परत वाचलं.

"पैसे युनायटेडले देल्ले, मंग हे स्कायवेस्ट कोन व्हय? पोरीले फसवलं बाप्पा कोनं तरी."

कोणी फसवलं नव्हतं. स्कायवेस्ट ही युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज नावाच्या गावातली, १९७२ सालची कंपनी. ती युनायटेड, डेल्टा, अमेरिकन आणि अलास्का या चार मोठ्या कंपन्यांसाठी छोट्या अंतराची विमानं उडवते. विमानाला ज्याचा रंग, त्याचं तिकीट. उडवणारे हात मात्र स्कायवेस्टचेच. अमेरिकेत 'युनायटेड एक्स्प्रेस', 'डेल्टा कनेक्शन', 'अमेरिकन ईगल' अशी नावं विमानांवर झळकतात. पण आज या नावांची स्वतंत्र विमान कंपनी शोधायला गेलात तर सापडणार नाही. ती नुसती पाटी आहे. आत बसलेले वैमानिक भलत्याच कंपनीचे पगारदार असतात.

यात एवढं बिचकण्यासारखं काय आहे म्हणा! पुण्या-मुंबईत चौकाचौकांत 'शेगाव कचोरी'ची पाटी दिसते. आपण कधी विचारतो का, की तळणारा कुठला?

मागच्या दाराने चढा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. आपल्याला विमान लागतं ते शेजाऱ्यांकडून उसनं. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाचे लोक छत्रपती संभाजीनगर गाठतात. मलकापूर-नांदुऱ्याचे लोक जळगावला जातात. जळगाव जामोदचा माणूस 'जळगावहून विमान आहे' म्हणाला की ऐकणारा दोन मिनिटं गोंधळतो, ते वेगळं. अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी सेवा नाही. धावपट्टी वाढवण्याचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय. आणि आता खामगाव-शेगावकरांना अमरावतीचं बेलोरा झालंय. १६ एप्रिल २०२५ला तिथून मुंबईचं विमान सुरू झालं. धावपट्टी १८५० मीटर, विमान एटीआर ७२, कंपनी अलायन्स एअर.

हे एटीआर म्हणजे पंख्याचं विमान. त्याच्या चार गमती सांगतो, कारण छोट्या अंतराच्या उसनवारीच्या धंद्यात अनेक देशांत हेच बैल राबतात. प्रवाशांनी चढायचं मागच्या दाराने आणि सामान ठेवायचं पुढे, वैमानिकाच्या पाठीमागे. जमिनीवर असताना वीज पुरवणारं जे छोटं जादा इंजिन मोठ्या विमानांच्या शेपटीत असतं, ते याला नाही. मग उजव्या पंख्याला ब्रेक लावून तो थांबवायचा, इंजिन मात्र चालू ठेवायचं आणि त्यावर आतली वीज-हवा चालवायची. या अवस्थेला वैमानिक चक्क 'हॉटेल मोड' म्हणतात. चौथी गंमत पैशाची. सरकारी विमानतळांवर ८०पेक्षा कमी आसनांच्या देशी प्रवासी विमानाला उतरण्याचं शुल्क माफ आहे. ७० ते ७८ खुर्च्यांचं एटीआर आपल्याकडे का परवडतं, याचा उलगडा आता झाला असेल.

अलायन्स एअरची कुंडली तर आपल्या विषयाचा अस्सल देशी नमुना आहे. १९९६ साली इंडियन एअरलाइन्सने ही लेक जन्माला घातली आणि आंदण म्हणून आपली जुनी बोइंग ७३७ विमानं दिली. पुढे २००७मध्ये इंडियन एअरलाइन्सच एअर इंडियात विलीन झाली आणि लेक आपोआप त्या घरची झाली. वर्षानुवर्षं लोक एअर इंडियाचं तिकीट काढून अलायन्सच्या पंख्याच्या विमानात बसत होते. ओळखायची खूण एकच होती : उड्डाणाचा क्रमांक चार आकडी आणि ९ने सुरू होणारा असला, तर समजायचं की विमान धाकटीचं आहे. २७ एप्रिल २०१७ला पंतप्रधानांनी 'उडान' योजनेतलं शिमला-दिल्ली हे पहिलं विमान रवाना केलं, तेही अलायन्सचंच होतं. त्याच दिवशी नांदेड-हैदराबादही सुरू झालं, ते ट्रूजेटचं.

मग जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. पण लेक गेली नाही, ती सरकारच्याच घरी राहिली. १५ एप्रिल २०२२पासून दोघींचा व्यवहार तुटला. एअर इंडियाने प्रवाशांना जाहीर कळवलं, की ९ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या तिकिटांची चौकशी आता आमच्याकडे करू नका. आई खासगी झाली आणि मुलगी सरकारी राहिली. असा घरोबा आपल्याकडच्या मालिकांनाही अजून सुचलेला नाही. त्याच महिन्यात या सरकारी लेकीने आसाम-अरुणाचलात दिब्रुगढ ते पासीघाट असं विमान सुरू केलं, तेही कानपूरला बनलेलं डॉर्निअर.

हार्वेस्टर, शिवशाही आणि ओलं भाडं

विमानाच्या धंद्यात भाड्याचे तीन प्रकार आहेत : वेट, डॅम्प आणि ड्राय. म्हणजे ओलं, दमट आणि कोरडं. व्यवस्थापनाच्या पुस्तकात यावर चाळीस पानं असतात. चिखलीच्या शेतकऱ्याला चार ओळींत कळेल.

सोयाबीन किंवा गहू काढायला पंजाबातून हार्वेस्टर येतो. यंत्र त्यांचं, चालवणारा त्यांचा, सोबतचा पोऱ्या त्यांचा, बिघाड झाला तर पाना-पकडही त्यांचीच. आपण एकराच्या हिशेबाने पैसे मोजायचे. हे झालं ओलं भाडं. विमान, वैमानिक आणि हवाई सेवक, देखभाल आणि विमा हे चारही दुसऱ्याचे. इंधन आणि विमानतळाचं शुल्क मात्र भाड्याने घेणाऱ्याने भरायचं, म्हणजे 'डिझेल तुमचं' असा ठराव. कोरडं भाडं म्हणजे नुसतं यंत्र घेतलं, चालवणारा आपला.

आणि दमट? दमट भाडं तुम्ही-आम्ही सगळ्यांनी भोगलंय, फक्त नाव माहीत नव्हतं. एसटीची शिवशाही २०१७मध्ये आली. त्यातल्या काही गाड्या महामंडळाच्या होत्या आणि काही खासगी मालकांकडून घेतलेल्या. भाड्याच्या गाडीत बसल्यावर नीट बघायचं. स्टिअरिंगवरचा माणूस ठेकेदाराचा. तिकिटाचं यंत्र गळ्यात अडकवून, छातीवर बिल्ला आणि हातात सुट्ट्यांचा हिशेब घेऊन फिरणारा कंडक्टर मात्र एसटीचा. एकदा रात्रीच्या प्रवासात मी पहिल्या सीटवर होतो. जेवणाचा थांबा कुठल्या धाब्यावर घ्यायचा यावर दोघांची अर्धा तास हुज्जत चालली होती, कारण दोघांचे साहेब वेगळे. विमानात डॅम्प लीज म्हणजे नेमकं हेच. विमान आणि वैमानिक पाहुण्यांचे, आणि पाणी विचारणारे हवाई सेवक घरचे. (धाब्याचा प्रश्न तिथे येत नाही, हे वैमानिकांचं भाग्य.)

हार्वेस्टरवाला जसा हंगामामागे फिरतो, तशीच ही विमानंही फिरतात. युरोपात सुट्टीच्या सहली उन्हाळ्यात. तिकडे हिवाळा लागला की समुद्रकिनारे ओस पडतात आणि सहलीची विमानं रिकामी बसतात. नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे दिवाळी, लग्नसराई आणि नाताळची गर्दी. मग युरोपातल्या कोरेंडनसारख्या कंपन्यांची बोइंग विमानं वैमानिकांसकट स्पाइसजेटकडे हंगामाला येतात. पंजाबचं यंत्र चिखलीत, तसं युरोपचं विमान दिल्लीत.

भाडं मोजतात 'ब्लॉक अवर'वर. हा ब्लॉक म्हणजे चाकाला लावतात तो ठोकळा. चाकाखालचा ठोकळा काढला की मीटर सुरू आणि मुक्कामी पोचून ठोकळा लावला की मीटर बंद. धावपट्टीकडे जाताना रांगेत उभं राहिलात तरी पैसे चालूच. राजूर घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर धावत जाऊन चाकामागे दगड लावतो. तोच हा दगड, फक्त पिवळ्या रंगाचा आणि तासाला लाखोंचा हिशेब सांगणारा.

काही कंपन्यांचा तर धंदाच दुसऱ्यासाठी उडायचा. त्या आपली एक-दोन विमानं पूर्ण पांढरी ठेवतात, नाव ना चिन्ह. आज याचं काम, उद्या त्याचं. आपल्याकडे निवडणुकीत पांढरी बोलेरो असते ना, सकाळी एकाचा झेंडा आणि संध्याकाळी दुसऱ्याचा, अगदी तशी.

सालदार की बटई?

आता खरा प्रश्न : विमान रिकामं गेलं तर तोटा कोणाचा?

अमेरिकेत यावर दोन प्रकारचे करार चालतात आणि दोन्ही आपल्या वावरात जुने आहेत. पहिल्या करारात मोठी कंपनी छोटीला उड्डाणाप्रमाणे ठरलेली रक्कम देते. वेळापत्रक मोठीचं, तिकिटाचा दर मोठीचा, आणि विमानात सत्तर माणसं बसली काय नि सात बसली काय, छोटीचे पैसे ठरलेले. हा झाला सालदार. पाडव्याला बोली झाली, मग कापूस पिको न पिको, त्याचं साल त्याला मिळालंच पाहिजे. दुसऱ्या करारात तिकिटाच्या पैशात वाटणी. पीक आलं तर दोघांचं, बोंडअळी आली तरी दोघांची. ही झाली बटई. स्कायवेस्टचा बहुतेक कारभार सालदारीचा आहे, थोडा बटईचा. त्यामुळे प्रवासी कमी झाले तरी छोट्या कंपन्या लगेच बुडत नाहीत. त्या बुडतात ते मोठ्याने पाडव्याला बोलीच केली नाही तर.

मोठी कंपनी हे काम स्वतः का करत नाही? कारण साधं आहे. मोठीच्या वैमानिकांचे पगार मोठे आणि छोट्या गावाला छोटं विमान परवडायला सगळंच स्वस्त लागतं. पण मोठीच्या वैमानिकांच्या संघटना काही झोपलेल्या नाहीत. आमची कामं बाहेर द्याल तर मर्यादेत द्या, असं त्यांनी करारातच लिहून घेतलंय. आसनं जास्तीत जास्त ७६, आणि वजन ८६ हजार पौंडांच्या आत, म्हणजे साधारण ३९ टन. त्यातही ७०च्या वर किती विमानं आणि ५०च्या आत किती, याची वेगळी मोजदाद. मग पळवाटही तशीच निघाली. युनायटेडसाठी २०१९पासून एक विमान उडतंय, सीआरजे ५५०. मूळ सांगाडा सत्तर खुर्च्यांचा. मुद्दाम वीस काढून पन्नास ठेवल्या, म्हणजे ते कागदावर 'छोट्या'त मोजलं जातं. उरलेल्या जागेत सामानाची कपाटं आणि हाताने घ्यायचं खाऊचं दुकान. नियमाने विमान आखूड करता येईना, म्हणून खुर्च्या उपटल्या आणि प्रवाशांना वाटलं, काय ही चैन!

या सगळ्याची सुरुवात कुठे झाली म्हणाल, तर अमेरिकेतल्या हेगर्सटाऊन नावाच्या गावात. आपल्या बुलढाणा शहराहून लहानच. १९६७मध्ये ॲलेगनी एअरलाइन्सला तिथली सेवा परवडेना. गाव सोडायचं तर लोक बोंब मारणार. मग तिथल्याच हेन्सन नावाच्या छोट्या कंपनीला सांगितलं, बाल्टिमोरपर्यंत विमान तू उडव, नाव आमचं लाव. या उसन्या नावाच्या पद्धतीसाठीचा 'कोडशेअर' हा शब्द मात्र बराच नंतरचा, १९८९-९०च्या सुमाराचा. क्वांटास आणि अमेरिकन या कंपन्यांच्या करारातून तो रूढ झाला. बाळ वीस वर्षांचं झालं, मग बारसं.

चहाच्या टपरीवर फेकायच्या गोष्टी

स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन बेटं आहेत. त्यांच्यामधलं विमान हे जगातलं सर्वांत कमी अंतराचं नियमित उड्डाण. अंतर जेमतेम २.७ किलोमीटर, वेळापत्रकातली वेळ दोन मिनिटं. वारा पाठीमागे असताना विक्रम ५३ सेकंदांचा. उडवते लोगनएअर ही कंपनी. पण तिने बरीच वर्षं आपलं नाव झाकून ब्रिटिश एअरवेजचा रंग लावला होता आणि पुढे फ्लायबीचा. म्हणजे आठ-नऊ माणसांच्या त्या चिमुकल्या विमानाच्या शेपटीवरसुद्धा लंडनच्या बड्या कंपनीची कळा. खामगावच्या टॉवर चौकातून एमआयडीसीला जायला याहून जास्त वेळ लागतो, आणि तिथे सीटबेल्टसुद्धा कोणी लावत नाही.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून डरबनला जाताना 'ब्रिटिश एअरवेज'च्या विमानात बसल्याची बढाई मारणारे पर्यटक मला भेटलेत. ते विमान तिथल्याच कॉमएअर कंपनीचं. १९९६पासून तिने ब्रिटिश पाटी लावून धंदा केला आणि २०२२मध्ये बंद पडली.

ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या छोट्या मार्गांवर 'अलायन्स' नावाची कंपनी विमानं उडवते. आपल्या अलायन्सशी तिचं नातं शून्य. काम मात्र आपलीचं २०२२पर्यंत होतं तेच : देशाच्या बड्या कंपनीसाठी लहान गावांचा रतीब घालायचा.

पाटी खोटं बोलली तरी रेडिओ खरं सांगतो. वैमानिक जमिनीवरच्या नियंत्रकाशी बोलताना सहसा तिकिटावरचं नाव घेत नाही, उडवणाऱ्याचं सांकेतिक नाव घेतो. रिपब्लिक या इंडियानापोलिसच्या कंपनीचं रेडिओवरचं नाव 'ब्रिकयार्ड', कारण त्या शहरातल्या मोटारींच्या शर्यतीच्या मैदानाला तेच टोपणनाव आहे. सेंट लुईसच्या गोजेटचं नाव 'लिंडबर्ग', ज्याच्या विमानाचं नाव 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' होतं त्या वैमानिकावरून. आपल्या अलायन्स एअरचं 'अलाइड' आणि इंडिगोचं 'आयफ्लाय'. प्रवाशाला बाहेर युनायटेड दिसतं आणि आभाळात हाक ब्रिकयार्ड म्हणून जाते.

रेल्वेतही हा प्रकार शिरलाय. २०१९मध्ये लखनौ-दिल्ली तेजस सुरू झाली. तिकीट, खाणंपिणं आणि डब्यातले सेवक आयआरसीटीसीचे, इंजिन आणि चालक रेल्वेचे. पुन्हा दमट भाडं.

बारीक अक्षरांची किंमत

इथे जरा आवाज खाली आणतो. १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ एक पंख्याचं विमान कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. तिकिटं कॉन्टिनेंटलची होती. विमान उडवत होती कोलगन एअर. नातेवाइकांपैकी अनेकांनी हे नाव त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. ते लोक गप्प बसले नाहीत. २०१०मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की तिकीट विकताना पहिल्याच पडद्यावर विमान कोण उडवणार ते दिसलं पाहिजे. वैमानिकांच्या अनुभवाची अटही त्याच कायद्याने वाढवली, बहुतेकांना १५०० तास. काकूंच्या तिकिटावरच्या त्या मुंगीएवढ्या ओळीमागे ही माणसं उभी आहेत.

मग भांडायचं कोणाशी? हा प्रश्न कायद्याला १९६१मध्येच पडला होता. मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरात खास याच विषयावर एक आंतरराष्ट्रीय करार झाला : तिकीट देणारा एक आणि नेणारा दुसरा असेल तर काय? उत्तर असं, की दोघेही बांधलेले. हेच कलम पुढे १९९९च्या मॉन्ट्रिअल करारात आलं आणि २००९पासून भारतही त्यात आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवली तर 'विमान आमचं नव्हतं' किंवा 'तिकीट आमचं नव्हतं' असं म्हणून कोणी हात झटकू शकत नाही. मात्र युरोपात विमानाला उशीर झाल्याची भरपाई मागायची ती उडवणाऱ्याकडेच, तिकीटवाल्याकडे नाही. त्यामुळे ती बारीक ओळ मोबाइलवर काढून ठेवावी. बॅगेचं वजनही दोघांचं वेगळं असू शकतं. लोणच्याच्या बरणीवरून वाद झाला की हे आठवतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

आमचा अख्खा जिल्हाच भाड्यावर

काकांना मी हे सगळं समजावत होतो, तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडं असं काई नवतं बाप्पा." म्हटलं, काका, तुम्ही खामगावचे ना?

१८७०च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आले होते. जलंब ते खामगाव या आठ मैलांच्या रेल्वेचं आणि कापसाच्या बाजाराचं उद्घाटन करायला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ होतं. आता त्या आठ मैलांची वाटणी बघा. रूळ सरकारी, नाव 'खामगाव स्टेट रेल्वे'. गाड्या चालवायला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) ही कंपनी. गाडीत कापूस, तो मुंबई बंदरातून पुढे विलायतेच्या गिरण्यांना. आणि जमीन? जमीन कागदोपत्री हैदराबादच्या निजामाची! म्हणजे विमानाचा शोध लागायच्या तेहतीस वर्षं आधी, आठ मैलांच्या छोट्या टप्प्यावर, आमच्या खामगावात मालक एक, नाव दुसऱ्याचं आणि चालवणारा तिसरा हा कारभार सुरू होता.

आणि ही नुसती रेल्वेची गोष्ट नाही. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, कारण फौजेच्या खर्चाचं देणं थकलं होतं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२मध्ये लॉर्ड कर्झनच्या वेळी यावर पक्कं शिक्कामोर्तब झालं : वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे, वर्षाला भाडं २५ लाख रुपये. सालदारी नव्हे, बटई नव्हे, सरळ मक्ता. कलेक्टर इंग्रजांचा, कचेरी इंग्रजांची, सारा इंग्रजांच्या तिजोरीत, आणि सातबाऱ्यावर नाव निजामाचं. पुढे १९३६पासून हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवीसुद्धा मिळाली. राजपुत्र वऱ्हाडाचा, वऱ्हाडावर सत्ता दुसऱ्याची. बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर, सगळं त्यात आलं. आमचे पणजोबा जन्मभर भाड्याच्या विमानात बसून होते, फक्त त्यांना कोणी तिकीट दाखवलं नाही.

शेजारी मूर्तिजापूरला तर ही रीत स्वातंत्र्यानंतरही टिकली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची शकुंतला. रूळ किलिक निक्सनच्या कंपनीचे, चालवणारी आधी जीआयपी आणि मग मध्य रेल्वे. देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारी झाल्या, ही राहून गेली. १९२१मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४पर्यंत ओढायला ठेवलं होतं.

हे ऐकून काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तरी पन तिकीट पाहून घ्याले पाह्यजे."

काकू सहा महिन्यांनी परत आल्या. अमरावतीचं विमान आठवड्यातून मोजके दिवस. त्या दिवशी ते नव्हतं, म्हणून मुंबईहून जळगावला उतरल्या. तिथे त्यांना शेवटचा धक्का बसला. जळगावच्या फलकावर अलायन्स एअरची खूण इंग्रजीत ९ आणि आय, जी लांबून हुबेहूब ९१ दिसते. आणि त्याच विमानतळावर गोव्याहून येणारी 'फ्लाय ९१' नावाची वेगळीच कंपनी आहे, २०२४मध्ये सुरू झालेली. तिची खूण मात्र ९१ नाही, आयसी आहे. आयसी ही कधीकाळी इंडियन एअरलाइन्सची खूण होती, म्हणजे अलायन्सच्या आईची. आईचं आडनाव शेजारणीकडे आणि शेजारणीच्या नावासारखी दिसणारी खूण लेकीकडे. काकूंनी फलकाकडे दोनदा बघितलं आणि सरळ सामानाच्या पट्ट्याकडे निघून गेल्या.

बाहेर काका उभे होते. गाडी पुतण्याची, ड्रायव्हर नांदुऱ्याहून रोजंदारीवर आणलेला, डिझेल काकांच्या पैशाचं.

"हे वेट झालं का डॅम्प?" काकांनी मला फोन करून विचारलं. मागून काकूंचा आवाज आला, "आधी एसी लावाले सांगा त्याले."